डफ शेकणारा

फुटबॉल स्पर्धेसाठी परदेशी संघ हैदराबादेत आले, तेव्हा स्वागताला वरातीत मरफा, म्हणजे डफांचा ठेका, वाजवणारं पथक बोलावलं होतं. मी तिथे स्वयंसेवक होतो. पथकातल्या म्हाताऱ्याने मैदानाच्या दाराशी कागद पेटवून डफ शेकायला घेतला. टिचकी मारायची, कान लावायचा, पुन्हा शेकायचं. एवढ्यात संयोजकाने येऊन बुटाने जाळ विझवला.

"चाचा, आवाज स्पीकर से आएगा. आप सिरफ हाथ हिलाव."

"चमडा थंडा है तो हाथ बी नै उठते, साब."

"मेहमानां कू क्या समझता?"

म्हाताऱ्याने संयोजकांनी दिलेली जरीची पगडी उतरवली आणि स्पीकरवर ठेवली. "मशीन बजारी ना? तो इज्जत बी उसीच कू देव."

तो डफ काखेत मारून निघाला. पथकही त्याच्यामागे गेलं.

स्पीकर मात्र दणाणत राहिला. एका परदेशी पाहुण्याने विचारलं, "वाजवणाऱ्यांना भेटता येईल?"

संयोजकाने पगडी उचलून माझ्या डोक्यावर चढवली. शहरातल्या कोठी भागाच्या चौकात कलावंतांच्या हक्कांची पत्रकं वाटणारा मी, त्या पाहुण्याच्या खांद्यावर हात टाकून फोटोसाठी हसलो.