तेलमायची कात्री

तेलमाय माणसाचं तोंड नंतर बघायची, आधी डोकं. वसमतच्या आमच्या गल्लीत ती समोर आली, की पदराला हात पुसून बोटं थेट वेणीत घालायची. "काहून गं, टोकं फुटून राहिली?" एवढं ऐकल्याशिवाय सुटका नसे.

बांधावरच्या एरंडाच्या बिया भाजायच्या, कुटायच्या, पाण्यात उकळायच्या आणि वर आलेलं तेल गाळून बाटलीत भरायचं, हा तिचा उद्योग. विकायला मात्र ती अगदी कच्ची! टक्कल पडलेले एक गुरुजी मोठ्या आशेनं आले, तर त्यांना म्हणाली, "यानं केस मऊ व्हतेत, तुटायचे कमी व्हतेत. गेलेले येत न्हाईत, गुरुजी. उगं खर्चात पडू नका." गुरुजी बिचारे टोपी घालून परतले.

बाटलीबरोबर ताकीद ठरलेली. "एरंडेल लई चिकट. नुसतं लावू नको. एक वाटा हे, तीन वाटे खोबरेल." मला तर तिनं तीनदा बजावलं होतं. पण मी आठवीत होते आणि शाळेच्या गॅदरिंगमधल्या नाचाला मला लांब वेणी हवी होती. "नटायचं असंल तर शाळा बंद," असा बाबांचा दम होता, म्हणून सगळं चोरून. अर्धी बाटली तशीच डोक्यावर ओतली आणि दुसऱ्या दिवशी कपड्याच्या साबणानं खसाखसा चोळून न्हाले. केसांचा असा गोळा झाला, की फणीचे दात मोडले तरी सुटेना.

आजीनं गोळा बघून हात जोडले. "जट आली. देवीचं बोलावणं हाय." जटेला कात्री लावायची नाही, आणि अशी पोरगी आता देवीची, तिला शाळा कसली! बाबांनीही मान डोलावली. मी रडून रडून अर्धी झाले.

बातमी ऐकून तेलमाय आली. अंगण बायांनी भरलं होतं. तिनं गोळ्यात बोटं घातली, वास घेतला. "देवी न्हाई, माझं तेल हाय हे." कात्री कुणी देईना, तर घरून घेऊन आली.

"मिसळून लाव म्हणून सांगितलं न्हवतं का हिला?" आईनं तेलमायला विचारलं.

मी खाली बघत राहिले.

"लाव म्हणून मीच दिलं हिला. मिसळायचं माझंच सांगायचं राहिलं," तेलमाय म्हणाली आणि तिनं गोळा कापला.

सोमवारी मी कानापर्यंतच्या केसांनी शाळेत गेले. तेलमायच्या तेलानं जट येते, असं गावभर झालं. बाटल्या कुणी घेईना. ती दुसऱ्याच्या रानात हळद काढायला जाऊ लागली.

पुढे मी हिंगोलीला डी.एड. केलं, शिक्षिका झाले. नोकरीचे पेढे घेऊन आधी तिच्याकडे गेले आणि इतकी वर्षं मनात ठेवलेलं बोलून टाकलं. "माय, तू सांगितलं होतंस. मीच गप्प बसले."

तिनं पेढा मोडून अर्धा माझ्या तोंडात घातला.

"मला काय इसर पडलाय व्हय? तुझी चूक निघाली असती, तर बापानं तुझी शाळा बंद केली असती. माझं काय, तेलच बंद झालं."