सव्वा लिटर तेलाचा संशय

“माझ्यादेखत मोजा, मग बोला.”

हैदराबादच्या नल्लकुंट्यात राहणारे एकनाथराव बिरादार हे वाक्य दूधवाल्याला ऐकवत, भाजीवाल्याला ऐकवत, आणि लग्नाला सेहेचाळीस वर्षं झालेल्या पद्मावतीबाईंनाही ऐकवत. बाई म्हणायच्या, “अहो, आता चहात साखर घालतानाही तुम्हाला ओट्यापाशी उभं करू का?” ते खरोखरच येऊन उभे राहत.

माणूस वाईट नव्हता. मांजरेकाठच्या काळ्या रानातून हैदराबादेत शिकायला आला, वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून लागला आणि चौतीस वर्षं खोटी मापं पकडत फिरला. तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेला चिंचेचा गोळा त्यांनी बोटानं चाचपून काढलेला होता. मापाच्या तळाला आतून बसवलेला दुसरा पत्रा ते नुसत्या टिचकीच्या आवाजावरून ओळखत. अशा नोकरीत नजर हळूहळू घडत जाते. कुणब्याला दूरच्या ढगात पाऊस दिसावा तशी त्यांना समोरच्याच्या हातात लबाडी दिसू लागली. पुढे नोकरी संपली, नजर मात्र तशीच राहिली.

सहा वर्षांपूर्वी त्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि डावं पाऊल निर्जीव झालं. चालताना ते जमिनीवर घासत येई. त्या पायानं क्लच दाबणं शक्यच नव्हतं. तेव्हा त्यांनी एका डॉक्टरांची जुनी ऑटोमॅटिक गाडी विकत घेतली. तिला क्लचचं पेडल नाही, गिअर ती आपले आपण बदलते. उजव्या पायानं वेग, उजव्याच पायानं ब्रेक. गाडी पहिल्यांदा स्वतः चालवत ते नारायणगुड्यापर्यंत जाऊन आले, त्या दिवशी जेवताना एक भाकरी जास्त खाल्ली, असं पद्मावतीबाई सांगतात. घराबाहेर पडताना कुणाचा हात धरावा लागत नव्हता, हेच त्यांना खूप होतं.

गाडी आता अठरा वर्षांची झाली होती. मुलगा हर्षद पुण्याला. त्यानं वडिलांकडून फोनवर कबूल करून घेतलं होतं, “बाबा, ही बंद पडली की गाडी चालवणं बंद. नवी नाही, जुनी नाही.” एकनाथरावांनी हो म्हटलं होतं, कारण ही गाडी बंद पडेल असं त्यांना वाटतच नव्हतं.

गेल्या भाद्रपदात तिचा तिसरा गिअर अडखळू लागला. शोधत शोधत ते नारायणगुड्याच्या एका बोळात भाग्यलक्ष्मीच्या वर्कशॉपमध्ये पोचले. चाळिशीची बाई, कानात कुड्या, अंगावर पंजाबी ड्रेस आणि त्यावर नवऱ्याचा जुना शर्ट. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडण्याचं काम ती वडिलांकडून शिकलेली. एकनाथरावांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“तुम खुद करते?”

“नई सार, मेरे अंदर एक मिस्त्री बैठा है, वो करता,” ती म्हणाली. “बैठो, देखते रहो.”

ते बसले. चार दिवस स्टुलावर बसून राहिले. तिनं बॉक्स उतरवला, उघडला आणि आतल्या क्लच प्लेटा पालथ्या करून दाखवल्या. पातळ, गोल, कडेला दाते असलेल्या. झिजून त्यांच्यावरचं अस्तर गेलेलं. नव्या प्लेटा तिनं चेन्नईच्या कुणा व्यापाऱ्याच्या माळ्यावरून मागवून घेतल्या. बसवताना म्हणाली, “ये आखरी सेट है सार. इसके बाद मेरेकू भी नई मिलता. संभाल के चलाओ.”

एक गोष्ट मात्र त्यांना तिची फार आवडली. बोल्ट आवळून झाला की ती त्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका देई. नंतर कुणी बोल्ट फिरवला तर ठिपका तुटतो आणि चोरी कळते. “हमारे खाते में सीसे की मोहर रहती थी,” ते अभिमानानं म्हणाले. त्या दिवशी चहा त्यांनी पाजला.

पण चौथ्या दिवशी, गिअरबॉक्समध्ये तेल भरायच्या वेळी, ते नेमके कोपऱ्यावरच्या हॉटेलात लघवीला गेले. परत आले तो तेलाच्या बाटल्या रिकाम्या आणि बॉनेट बंद.

“पूरा डाला?”

“हौ सार.”

“मैं देखा नई.”

“फिर तेल को पूछो,” ती हसून म्हणाली, आणि तेल कसं तपासायचं ते तिनं सांगितलं. गाडी आठ-दहा किलोमीटर चालवायची, पुरती गरम होऊ द्यायची, इंजिन चालूच ठेवायचं आणि मग तेलाची पट्टी बाहेर काढून बघायची. वरच्या रेघेपर्यंत तेल दिसलं की बरोबर.

नेमकं हेच त्यांच्या मनात रुतून बसलं. गरम करून का म्हणून? चौतीस वर्षं पेट्रोल पंप तपासणाऱ्या माणसाला कोण शिकवणार! गरम झालं की तेल फुगतं. थंडीत मोजा, दुपारी मोजा, आकडा बदलतो. ही बाई फुगलेलं तेल बघायला सांगते, म्हणजे आत कमी घातलंय आणि फुगवटा दाखवून निभावून नेतेय.

म्हणून त्यांनी तिचं अर्धंच ऐकलं. इंजिन चालू ठेवलं, पण पहाटे, गार गाडीवर. पट्टी पुसून आत घातली, बाहेर काढली. जुन्या पट्टीवरच्या बाकीच्या खुणा पुसून गेल्या होत्या, वरची रेघ तेवढी शाबूत होती. तेल त्या रेघेपेक्षा बोटभर खाली होतं.

“सापडली,” ते स्वतःशीच म्हणाले.

भांडायला ते गेले नाहीत. निरीक्षक माणूस; पुरावा जमवल्याशिवाय बोलायचं नाही. त्याच जातीचं लाल तेल आणून पट्टीच्या नळीतून त्यांनी रेघेपर्यंत भरलं आणि तारीख लिहून ठेवली. कार्तिक गेला, मार्गशीर्ष आला, पहाटा गार होत गेल्या. तेल आखडत गेलं, रेघ पुन्हा उघडी पडू लागली. ते पुन्हा भरत. प्रत्येक भर घालताना त्यांचा संशय पक्का होत होता, आणि संशय पक्का होण्यात एक समाधान असतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं.

संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी पद्मावतीबाईंना जामबागला मैत्रिणीकडे हळदीकुंकवाला जायचं होतं. दुपारचं ऊन, रस्ते भरलेले. नारायणगुड्याच्या सिग्नलला गाडी थांबली. हिरवा लागला. एकनाथरावांनी पाय दाबला. इंजिन ओरडलं आणि गाडी जागची हलली नाही. मागून हॉर्नचा कल्लोळ. फुलवाल्यांनी ढकलत ढकलत ती भाग्यलक्ष्मीच्या बोळात नेली.

तिनं बॉनेट उघडलं, इंजिन चालूच ठेवायला सांगितलं आणि पट्टी उपसली. तेल रेघेच्या केवढं तरी वर, आणि नुसता फेस.

“सार, किसकू दिखाए गाडी?”

“किसीकू नई.”

“झूठ नक्को बोलो. मेरे बाद कोई हात लगाया.”

“हात तुम लगाए! तेल कम डाले तुम!” एकनाथरावांचा आवाज चढला. “मेरे पास तारीखवार लिखा हुआ है.”

“कम?” तिनं फेसाळलेली पट्टी त्यांच्या नाकासमोर धरली. “ये कम है?”

ती टॉर्च घेऊन गाडीखाली सरकली. बऱ्याच वेळानं तिचा आवाज आला, “मेरे पीले ठिपके सब जगह पे हैं. नीचे से कोई नई खोला.” बाहेर आली आणि शर्टला हात पुसत म्हणाली, “ऊपर से डाला है कोई. नळी में से.”

मागच्या सीटवर हळदीकुंकवाचं ताट मांडीवर घेऊन बसलेल्या पद्मावतीबाई खिडकीतून म्हणाल्या, “अहो, सांगा की.”

त्यांनी तोंड बोळाकडं फिरवलं.

“रोज पहाटे गॅलरीतून बघत होते मी,” बाई म्हणाल्या. “बॅटरी तोंडात धरून ओतत होतात.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले असते तर माझ्यावर विश्वास ठेवला असतात?”

भाग्यलक्ष्मीला मराठी पुरतं कळत नव्हतं, पण जेवढं कळायचं तेवढं कळलं. तिनं हातपंपाची नळी आत घातली. एकनाथरावांच्या डिकीत एक लिटरचं सरकारी शिक्क्याचं माप असे. ते त्यांनी न मागता आणून दिलं. रेघेपर्यंत येईस्तोवर तिनं तेल उपसलं. एक माप भरलं, वर पाव.

“सव्वा,” ते स्वतःच म्हणाले.

“वो रेघ गरम तेल की है सार, ठंडे में नीचेच दिखता. अंदर चक्के घूमते. तेल जास्ती हुआ तो चक्के उसको ताक के जैसा बिलोते. झाग होता. झाग में दम नई रहता, प्लेटां पकड नई सकते. फिसलते, जलते.” ती हे रागानं म्हणाली नाही, त्यामुळे ऐकायला जास्त जड गेलं.

तिनं स्वतः गाडीत बसून बोळाच्या टोकापर्यंत आणि परत फेरी मारली. पहिला गिअर पडला, दुसरा पडला. तिसऱ्याला इंजिन मोकळंच किंचाळलं. उतरून तिनं पट्टीवरचं तेल पांढऱ्या फडक्यावर टेकवलं. डाळिंबाच्या रसासारखं लाल असायला हवं ते काजळीसारखं उमटलं, आणि त्यात बारीक काळे कण.

“गए,” ती म्हणाली. “यकीन नई तो बॉक्स खोल के दिखाती, आपके सामने. पैसे नक्को.”

एकनाथरावांनी फडकं हातात घेतलं. नाकाशी नेलं. करपलेल्या दुधासारखा, त्याहून कडवट वास. दोन बोटांत कण चोळून पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर तपासणीच्या वेळचं ते जुनं टणकपण एकदा येऊन गेलं. चेन्नईच्या प्लेटाच खराब असतील, असं त्यांना म्हणावंसं वाटलं असावं. ओठ हललेही. पण शब्द आले ते वेगळे.

“तेल मी घातलं,” ते मराठीत म्हणाले. मग तिच्यासाठी पुन्हा, “मैं डाला, अम्मा.”

“अब क्या करना सार? खडी रखूं? कहीं से प्लेटां मिले तो…”

“नई मिलते. तुमीच बोले थे.”

त्यांनी किल्ली बॉनेटच्या कडेवर ठेवली. गाडीच्या कागदांचं पाकीट काढलं, तेही शेजारी ठेवलं. मग उजवा हात गाडीच्या टपावर टेकवून क्षणभर उभे राहिले आणि वळले.

“अहो, थांबा, रिक्षा बोलावते,” पद्मावतीबाई दार उघडत म्हणाल्या. ते थांबले नाहीत. बोळाच्या फरशीवर डावं पाऊल घासत, उजव्या हातानं भिंतीचा आधार घेत, ते मोठ्या रस्त्याकडे निघाले होते. भिंत संपली तिथं हात क्षणभर हवेत चाचपडला आणि मग खाली आला.

“अम्मा, तुम नई जाते साथ में?” भाग्यलक्ष्मीनं हळूच विचारलं.

“जाते. जरा पुढं जाऊ दे त्यांना,” बाई म्हणाल्या.

दोघी उघड्या बॉनेटपाशी उभ्या राहून बघत होत्या. फुलवाल्यानं टोपली बाजूला ओढून एकनाथरावांना वाट दिली. घराच्या वाटेवरच्या बरकतपुऱ्याच्या बाजूला ते वळले, पांढरा सदरा गर्दीत दोनदा दिसला, आणि मग दिसेना.