पाडायची म्हणजे काय

ऑक्टोबरचा तिसरा रविवार. सकाळपासून मागच्या अंगणातली पानं गोळा करत होते. आमच्या उपनगरात ती कागदी पोत्यांत भरून सोमवारी रस्त्याच्या कडेला ठेवावी लागतात. कुंपणापाशी दाताळं अडकलं. ओढलं तर मातीतून गंजलेली तारेची चौकट वर आली. निवडणुकीचे फलक हिरवळीत रोवायला वापरतात ती. पुठ्ठा केव्हाच कुजून गेला होता, तार राहिली होती.

शेजाऱ्यांच्या हिरवळीतून उडून आलेला तो फलक कोणत्या उमेदवाराचा होता हे मला वाचायची गरज नव्हती. चार वर्षांपूर्वीची ती केस मी विसरलेले नाही. फक्त आजवर कोणाला सांगितलेली नाही.

मी पंचवीस वर्षं पोलिसात होते, शेवटची दहा डिटेक्टिव्ह म्हणून. डेट्रॉईटच्या पश्चिमेला, जिथे गाड्यांच्या कंपन्यांतल्या इंजिनियरांची वस्ती आहे, त्यांतल्याच एका गावात. त्याचं नाव सांगत नाही, कोणाचंच सांगणार नाही. नागपूरहून आईवडिलांबरोबर इथे आले तेव्हा मी सात वर्षांची होते. खात्यात मराठी येणारी मी एकटीच. माझ्या फाइलमध्ये भाषांच्या रकान्यात तशी नोंद होती आणि तिचा मला अभिमान होता.

त्या वर्षी राज्याच्या सिनेटसाठी आमच्या भागातून एक मराठी आईबापांची, इथेच जन्मलेली मुलगी उभी होती. वकील, वय पस्तिशीच्या आत, सातवा महिना. पुरोगामी उमेदवार. भाडेकरूंचे हक्क, स्वस्त दवाखाने, असं सगळं तिच्या पत्रकात होतं. मानसिक आजाराच्या फोनवर पोलिसांऐवजी समुपदेशक पाठवा, पोलिसांचे काही पैसे तिकडे वळवा, असंही होतं. त्यामुळे आमच्या खात्यात तिचं नाव निघालं की लोक कॉफीचा कप जरा जोरात ठेवायचे. मीही त्यांतलीच. हे आधीच सांगते, कारण पुढे जे झालं त्यात या गोष्टीचा हात आहे.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी, गुरुवारी, मराठी मंडळाच्या सेक्रेटरीबाईंचा ठाण्यावर फोन आला. ऑपरेटरने तो माझ्याकडे दिला. बाईंनी सांगितलं की शनिवारच्या कार्यक्रमाला उमेदवार येणार आहे, आणि मंडळातले एक काका तिच्यावर फार चिडलेत. व्हॉट्सॲपवर त्यांनी आवाजी निरोप टाकलाय. गडबड नको म्हणून गेटपाशी एखादी गाडी उभी राहिली तर बरं. त्यांचं मागणं एवढंच होतं. निरोप त्यांनी मला पाठवला.

तो मी तीनदा ऐकला. म्हातारा, खणखणीत आवाज: "हिला या वेळी पाडायचीच. शनिवारी हॉलवर येणार आहे. पायरीवरच गाठू. आत जाऊ द्यायची नाही."

मी तो इंग्रजीत उतरवला. हिला या वेळी खाली पाडायचं आहे, पायऱ्यांवरच पकडायचं आहे. सात महिन्यांची गरोदर बाई, शाळेच्या हॉलच्या बारा पायऱ्या. ठाण्याच्या प्रमुखांनी, चीफनी, वाचलं आणि खुर्ची पुढे ओढली.

आमच्याकडे नियम होता की परक्या भाषेतला मजकूर पुरावा म्हणून वापरायचा तर फोनवरच्या अधिकृत दुभाष्याकडून तपासून घ्यायचा. वीस मिनिटांचं काम. चीफनी विचारलंही. मी म्हटलं, गरज नाही, माझी मातृभाषा आहे. फॉर्मवर तसं लिहून सही केली.

खरं सांगायचं तर मला ती केस हवी होती. जी बाई आमच्याविरुद्ध बोलते तिला आम्हीच वाचवलं, हे मला लोकांना दाखवायचं होतं. माणसाला एखादी गोष्ट हवी असली की तो दुसऱ्यांदा विचारत नाही. हे मी संशयितांबाबत नव्या पोरांना शिकवत असे.

शनिवारी अकरा वाजता आम्ही तिघे हॉलवर होतो. जरीच्या साड्या, आपट्याच्या पानांऐवजी सोनेरी कागदाची पानं, पायऱ्यांवर धावणारी मुलं. काका वरच्या पायरीवर उभे होते. सत्तरीचे, किडकिडीत, स्वेटरवर जाकीट, हातात घडी घातलेला कागद. उमेदवाराची गाडी वळणावर दिसली तसे ते एक पायरी उतरले. मी त्यांचा दंड धरला.

बेड्या पाठीमागे घालायचा नियम. त्यांचं वय बघून मी पुढे घालायच्या ठरवल्या आणि मनातल्या मनात स्वतःला दयाळू समजले. हात पुढे करा म्हटल्यावर त्यांनी ते ओंजळीसारखे जोडून धरले, तीर्थ घेताना धरतात तसे. सोनेरी पानं वाटणाऱ्या बायका थांबल्या. काकांची नात, आठ-नऊ वर्षांची, "आजोबा, व्हॉट डिड यू डू?" एवढंच म्हणाली.

ठाण्यावर मी त्यांना त्यांचे हक्क मराठीत सांगितले. गप्प राहायचा तुम्हाला हक्क आहे, असं म्हटल्यावर ते म्हणाले, "तो मला घरीही आहे." मग जरा पुढे झुकून विचारलं, "मॅडम, तुम्ही मराठी?"

मी हो म्हटलं.

"मग काळजी नाही," असं म्हणून ते खुर्चीत टेकून बसले.

हे वाक्य रेकॉर्डिंगमध्ये आहे. रेकॉर्डिंग मी नंतर अनेकदा ऐकलं. दर वेळी या वाक्याच्या आधी थांबवलं.

चौकशी दोन तास चालली. काका साताऱ्याकडचे, सत्तावीस वर्षं तहसील कचेरीत कारकून, मुलीकडे ग्रीन कार्डावर आलेले. तीन महिन्यांपूर्वी नागरिकत्वाचा अर्ज भरलेला. मी विचारलं की तुमचा तिच्यावर राग का. त्यांनी घडीचा कागद उलगडला. पक्षातल्या पक्षात होते त्या प्राथमिक निवडणुकीच्या वेळचं तिचं पत्रक होतं. त्यात ज्येष्ठांसाठी बसगाडी सुरू करण्याचं वचन होतं, त्याखाली लाल पेनाने रेघ. नव्या पत्रकात ते गायब.

"आम्हाला गाडी चालवता येत नाही. मुलगी सोडेल तेव्हा देऊळ, जावई आणेल तेव्हा घर," ते म्हणाले. "हिनं लिहून दिलं होतं. आता पुसून टाकलं. म्हणून म्हटलं, पायरीवरच गाठू. एकदा आत गेली की फोटो काढणारे सोडत नाहीत."

"गाठून काय करणार होता?"

"विचारणार होतो."

"आणि पाडणार होता ते?"

"पाडायचीच की. खोटं बोलणाऱ्याला पाडतातच."

मी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, कबुली मिळाली. "काका, पायऱ्यांवरून?"

मग एखाद्या लहान मुलीला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "मॅडम, तुमच्या गावाला निवडणूक होत नव्हती का?"

मला तो आगाऊपणा वाटला. मी कडक आवाजात तोच प्रश्न पुन्हा विचारला, आणि आणखी दोनदा. ते मतांचं, मतपेट्यांचं, कुठल्याशा जिल्हा परिषदेचं सांगू लागले. मी लिहून घेतलं: संशयित विषयांतर करतो.

मधे उमेदवाराचा फोन आला. तिला आदल्या दिवशी कळवलं होतं, आणि सकाळी तिची गाडी वळणावरूनच परत पाठवली होती. नेमका शब्द काय आहे, असं तिने इंग्रजीत विचारलं. मी सांगितला. "माय मराठी एंड्स ॲट डिनर," ती म्हणाली, "तुम्हाला शुअर आहे ना? ओके. पण प्लीज, त्यांना हँडकफ्स नका लावू, ही इज समबडीज आजोबा." त्या वेळेपर्यंत बेड्या घालून काढूनही झाल्या होत्या. तेवढं मी तिला सांगितलं नाही.

जबाब पक्का करायला तक्रार देणाऱ्याशी पुन्हा बोलावं लागतं. म्हणून, निव्वळ कागद पुरा करायला, मी सेक्रेटरीबाईंना फोन लावला. पलीकडे लाऊडस्पीकर चालू होता. मी विचारलं की काकांनी तिला पाडायची धमकी दिली तेव्हा ग्रुपवर कोण काय म्हणालं.

"धमकी कसली?" बाई म्हणाल्या. "पाडायची म्हणजे हरवायची. निवडणुकीत. आणि काकांना तर मतही नाही हो, म्हणून आम्ही सगळे हसलो." मग त्यांच्या लक्षात आलं असावं. आवाज खाली आला. "मी फक्त एक गाडी उभी करा म्हटलं होतं. तुम्हाला मराठी येतं ना?"

माझं मराठी स्वयंपाकघरातलं होतं. दूध पाडू नकोस, दात पाडून घेशील, पुस्तक पाडलंस तर पाया पड. माझ्या मराठीत निवडणूक कधी झालीच नव्हती. आणि समोरचा माणूस दोन तास मला तेच समजावून सांगत होता.

काकांना चार तासांनी सोडलं. गुन्हा नोंदवला नाही. मी म्हटलं, गैरसमज झाला. 'माझा' हा शब्द मी वापरला नाही. ते पत्रक घडी करून खिशात ठेवत म्हणाले, "होतो." मुलगी बाहेर गाडीत बसली होती.

उमेदवार निवडून आली. पुढच्या वसंतात बसही सुरू झाली, आठवड्यातून दोन दिवस. वचन कोणी मुद्दाम पुसलंच नव्हतं, नव्या पत्रकात जागा पुरली नाही एवढंच. त्या बसमध्ये काका मला कधी दिसले नाहीत. ते मंडळातही जायचे बंद झाले.

इथवरच्या प्रकाराला मी चूक म्हणू शकते. पुढच्याला नाही.

वर्षभराने त्यांची मुलगी ठाण्यावर आली. नागरिकत्वाच्या अर्जात एक प्रश्न असतो: तुम्हाला कधी अटक झाली आहे का? काकांनी प्रामाणिकपणे हो लिहिलं. मुलाखतीत पोलीस रिपोर्ट मागितला. रिपोर्टमध्ये गरोदर बाईला पायऱ्यांवरून पाडण्याविषयीचं माझं भाषांतर होतं, खाली 'अधिकाऱ्याची मातृभाषा' अशी माझी सही. गुन्हा दाखल नाही हे होतं, पण शब्द चुकला होता हे कुठेच नव्हतं. अर्ज नामंजूर झाला.

मुलीने फक्त एक दुरुस्तीचं पत्र मागितलं. मी म्हणाले, "बंद केसच्या रिपोर्टला हात लावता येत नाही."

हे खोटं होतं. मूळ रिपोर्ट बदलत नाहीत, पण त्याला पुरवणी रिपोर्ट केव्हाही जोडता येतो. मी स्वतः असे कितीतरी जोडले होते, गाडीचा रंग चुकला म्हणूनसुद्धा. पण हा जोडला असता तर दुभाष्याचा नियम मी मोडला हे निघालं असतं, आणि निवृत्तीला एक वर्ष होतं. मुलगी "थँक्यू" म्हणून गेली. खोटं बोलणाऱ्याला पाडतातच, असं काका म्हणाले होते. मला कोणी पाडलं नाही. केक कापून, फलक देऊन निरोप दिला.

निवृत्त झाल्यावर मी मराठी वाचायला, लिहायला शिकले. लोकांना मी सांगते की वेळ होता म्हणून.

गेल्या शुक्रवारी काकांच्या मुलीचा निरोप आला. "बाबांनी परत अप्लाय केलं होतं. पुढच्या महिन्यात इंटरव्ह्यू आहे. ते पंच्याहत्तरचे होतील. काही मागत नाही, फक्त कळवलं." मी तो वाचला आणि दोन दिवस पानं गोळा केली. इतकी पानं माझ्या अंगणात नाहीतच.

नोकरीत मी हजारभर माणसांचे जबाब घेतले. जो खोटं बोलतो तो पाणी मागतो, असं आमच्याकडे म्हणायचे. तसं काही नसतं. जो खोटं बोलतो तो बहुधा नियम सांगतो. मी सांगितला होता.

सोमवारी पोती रस्त्याकडेला ठेवली आणि आठ वाजता ठाण्याच्या रेकॉर्ड खिडकीशी गेले. खिडकीतल्या मुलीने मला ओळखलं नाही. तिच्याकडून पुरवणी रिपोर्टचा फॉर्म घेतला. निवृत्त अधिकाऱ्याला तो चीफच्या संमतीने भरता येतो. नवे चीफ माझ्या हाताखाली शिकलेले, त्यांनी वाचून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि संमती दिली. काकांचं वाक्य देवनागरीत लिहिलं, शेजारी माझं जुनं भाषांतर, त्याखाली बरोबर अर्थ. अधिकृत दुभाष्याला फोन लावून तो तपासून घेतला. वीस मिनिटंही लागली नाहीत. शेवटी लिहिलं: चूक भाषांतर करणाऱ्या अधिकाऱ्याची होती. मागितल्यावरही तिने ती दुरुस्त केली नाही. ती अधिकारी मी. शिक्क्याची प्रत घेऊन काकांच्या घरी गेले.

दार त्यांनीच उघडलं. आत या म्हणाले नाहीत. मी कागद दिला आणि माफी मागितली. त्यांनी चष्मा लावून उभ्यानेच सगळा वाचला, कारकून वाचतो तसा, प्रत्येक ओळीखाली बोट धरून. बोट एका जागी थांबलं.

"पाडायची," ते म्हणाले. "ची दीर्घ. तुम्ही ऱ्हस्व लिहिलीय." कागद त्यांनी माझ्या हातात परत दिला. "रेकॉर्डवर राहणारा कागद आहे मॅडम. दुरुस्त करून आणा."

मी गाडीत बसले आणि परत ठाण्यावर गेले.