गायिका ब

वर्षिणीने पीएच.डी. करायचं ठरवलं, तेव्हा तिचे अप्पा, म्हणजे मंडी मोहल्ल्यातले शिंपी रघूत्तमराव, मशीनवरचा पाय न थांबवता म्हणाले होते, "सुम्ने कशाला ग एवढं? नोकरी आहे, गाणं आहे. आणखी काय पाहिजे?" म्हैसूरच्या जुन्या मराठी घरांत पाहिजे तिथे हे 'सुम्ने' येतं. उगाच, कारण नसताना, असा त्याचा अर्थ. वर्षिणी हसली आणि निघून गेली. तिच्याकडे कारण होतं, पण ते अप्पांनाच काय, कुणालाच सांगण्यासारखं नव्हतं.

दिवसा ती शहराबाहेरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची आणि संध्याकाळी शांताक्कांकडे गाणं शिकायची. नोकरी अलीकडची, गाणं मात्र परकर नेसायच्या वयापासूनचं. कर्नाटक संगीताच्या मैफलीत गुरूच्या मागे तंबोरा घेऊन एक शिष्य बसतो आणि गुरूबरोबर गातो. त्याने पुढे जायचं नाही, मागे पडायचं नाही, वेगळं ऐकू तर मुळीच यायचं नाही. लोक त्याच्याकडे बघतही नाहीत. शांताक्कांच्या मागची ती जागा वर्षिणीची होती, आणि त्या जागेचा तिला पीएच.डी.पेक्षा कितीतरी जास्त अभिमान होता.

शांताक्कांची साठी उलटली त्या सुमारास एका मैफलीत त्यांचा आवाज वरच्या सा कडे निघाला आणि पोचलाच नाही. नुसता श्वास आला. वर्षिणीने मागून तो सा घेतला, अक्कांच्याच रंगाचा, अक्का जिथे किंचित नाकात जायच्या तिथे तशीच नाकात जात. सभागृहात पान हललं नाही. पुढची रांग "भले, भले" म्हणाली ती अक्कांकडे बघून.

तेव्हापासून हे चालू झालं. वरचा सा जवळ आला की अक्का अगदी केसभर थांबायच्या. वर्षिणीने त्याचा अर्थ लावला, 'आता तू घे.' ती घ्यायची. अक्का कधी बोलल्या नाहीत, हिने कधी विचारलं नाही. गुरूला असलं विचारायचं नसतं. अक्कांना ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, आणि आपण दोघी मिळून हे झाकून ठेवलंय, अशी तिची पक्की समजूत होती. त्या समजुतीत ती फार सुखी होती, हेही सांगून टाकलं पाहिजे.

गाण्याच्या वर्गातली वाणी एकदा तिला म्हणाली, "तुझा आवाज कुठे संपतो आणि अक्कांचा कुठे सुरू होतो, शप्पथ सांगते, मला नाही कळत." वाणीने कौतुक केलं होतं. पण वर्षिणीतल्या इंजिनिअरला रात्रभर झोप लागली नाही. माणसाला कळत नाही, मग मशीनला कळेल का? एकाच माईकमध्ये मिसळलेले, मुद्दाम एकसारखे केलेले दोन आवाज पुन्हा वेगळे काढता येतील का? हे होतं तिचं कारण.

प्रश्न चांगला होता, म्हणूनच त्याला कुणी वाली नव्हता. इंजिनिअरिंगवाले म्हणाले, हे तर फिजिक्स. फिजिक्सवाल्यांनी गळ्याचे पडदे वयानुसार कसे ताठरतात याची समीकरणं मागितली आणि वर म्हणाले, खरं तर हा संगीताचा विषय आहे. संगीत विभागातल्या एका बाईंनी संगणक पाहून चष्मा काढून ठेवला. शेवटी इंजिनिअरिंगच्या डॉ. शेषगिरींनी तिला पदरात घेतलं, का तर त्यांना कुठल्याशा परिषदेत काहीतरी निराळं मांडायचं होतं. पण समितीत तिन्ही विभागांची माणसं बसली, मग तिघांचेही हट्ट पुरवणं आलं. आवाजात विविधता हवी म्हणून फिजिक्सवाल्यांनी तिला लामांचे खर्जातले मंत्र रेकॉर्ड करायला पाठवलं. हुणसूरच्या पुढे बैलकुप्प्याच्या तिबेटी वसाहतीपर्यंत बसमध्ये उभी राहून ती जाऊन आली, आणि ते सगळं काम प्रबंधात एका तळटीपेत मावलं.

खरा माल अक्कांकडे होता. जुन्या मैफलींची रेकॉर्डिंगं त्यांनी स्वतः कपाटातून काढून दिली, कापडाने पुसून. "माझा आवाज कॉलेजात शिकवणार का ग, पुट्टी?" त्यांनी कानडीत विचारलं. पुट्टी म्हणजे छोकरी; वर्षिणी चौतिशीला आली तरी त्यांच्या लेखी पुट्टीच होती. "होय अक्का," ती म्हणाली. अक्कांनी त्या आनंदात तिला दोनदा कॉफी दिली.

प्रोग्राम जमायला वर्षं गेली. त्या वर्षांत दोन स्थळं येऊन गेली, अप्पांना चष्मा लागला, कॉलेजातली तिच्या मागून आलेली माणसं डॉक्टर होऊन तिच्या डोक्यावर जाऊन बसली. कायम व्हायचं तर पदवी हवी, नाहीतर पुढच्या वर्षी नोकरीही नाही, असं कॉलेजने स्पष्ट सांगून टाकलं. मग एके दिवशी प्रोग्राम जमला. लॅबमध्ये तिने एक जुनी मैफल घातली आणि दोन आवाज वेगळे होऊन बाहेर आले. एक तिचा. दुसरा अक्कांचा, एकट्याचा, आधाराशिवाय. तो वर चढत गेला, फाटला, आणि पुढे नुसती हवा. वर्षिणीने हेडफोन काढून ठेवला. तिला रडू आलं आणि त्याच वेळी आनंदाने नाचावंसंही वाटलं. यातलं कुठलं पहिलं आलं, हे तिने नंतर स्वतःलाही विचारलं नाही.

आयुष्यभर जे झाकायची कला शिकली, तेच उघडं करायचं यंत्र तिने बनवलं होतं. प्रबंधात नावं नव्हती. 'गायिका अ' आणि 'गायिका ब' एवढंच लिहिलं होतं. शेवटच्या प्रकरणात गायिका अ हिचा वरचा सा वर्षागणिक कसा ढासळत गेला, त्याचा आलेख होता. शेषगिरी सर म्हणाले, "हेच तुझं खरं काम. बाकी सगळं भरताड आहे."

आता आपल्याकडे पीएच.डी.ची शेवटची तोंडी परीक्षा म्हणजे अर्धं लग्न असतं. सभागृह, पाहुणे, उपमा-केसरीबात, आणि पुढच्या रांगेत उमेदवाराचे वडीलधारे. अप्पांनी आठवडाभर आधीच विचारलं, "अक्कांना बोलावलंस, अल्वा?" अल्वा म्हणजे कानडीत 'हो ना'. "गुरूला नाही बोलावलं तर लोक काय म्हणतील?" वर्षिणी म्हणाली, "इंग्रजीत असतं अप्पा, कंटाळतील त्या." अप्पा भडकलेच. "अग, त्यांचा आवाज घेऊन तू डॉक्टर होणार, आणि त्यांनाच घरी बसवणार? मी स्वतः जाऊन सांगतो." ते गेलेही. येताना शाल घेऊन आले, आणि अक्कांसाठी नवा ब्लाऊज शिवायला कापड. वर्षिणी विचार करत राहिली. पडद्यावर दाखवायचे नमुने तिने बदलले. अक्कांच्या ऐवजी तिने वाणीबरोबर लॅबमध्ये गायलेलं एक साधं गाणं घातलं. आलेखात अक्कांना काय कळणार होतं?

परीक्षेच्या दिवशी अक्का नव्या ब्लाऊजवर मोरपंखी रेशमी साडी नेसून आल्या आणि पुढच्या रांगेत मधोमध बसल्या. वर्षिणी चांगलं बोलली. वाणीचा आणि तिचा आवाज वेगळा झाला तेव्हा लोक माना डोलवू लागले. बाहेरगावचे परीक्षक म्हातारे आणि चिकित्सक होते. ते म्हणाले, "लॅबमधलं राहू दे, ते कुणीही करेल. शेवटच्या प्रकरणातलं, खऱ्या मैफलीतलं ऐकवा."

"सर, ती फाईल..." वर्षिणी अडखळली.

"आहे की," शेषगिरी सर मदतीच्या उत्साहाने उठले. "त्याच फोल्डरमध्ये आहे, खाली."

अजूनही वेळ होता. आवाज लागत नाही म्हणता आलं असतं, स्पीकरची वायर काढता आली असती, सरळ 'नाही' म्हणता आलं असतं. परीक्षकांनी घड्याळाकडे पाहिलं. वर्षिणीला कॉलेजचा तो इशारा आठवला, डोक्यावर जाऊन बसलेली माणसं आठवली. आणि तिने स्वतःची समजूत घातली: अक्कांना तर ठाऊकच आहे. त्यांना कळलं तरी त्यात नवीन काय? तिने फाईल लावली.

आधी दोघींचं एकत्र आलं, भरदार. अक्का ओळखून हसल्या आणि शेजारी बसलेल्या अप्पांना कोपराने खूण केली. मग गायिका ब गेली आणि गायिका अ उरली. मोठ्या स्पीकरवर, भर दुपारी, तो आवाज वर चढला, फाटला, आणि त्यातून खरखरीत श्वास तेवढा येत राहिला. सगळं सभागृह ऐकत होतं. तो संपला तेव्हा परीक्षकांनी स्वतः टाळ्या वाजवल्या. "काय स्वच्छ वेगळा केलाय! वा!" मग सगळ्यांनी वाजवल्या. अप्पांनी सगळ्यांत जोरात वाजवल्या, कारण त्यांना काही समजलं नव्हतं.

निकाल तिथेच जाहीर झाला. रिवाजाप्रमाणे नव्या डॉक्टरने गुरूला शाल पांघरायची होती. वर्षिणी शाल घेऊन वाकली तेव्हा अक्का तिच्या कानाशी, तिलाच ऐकू जाईल इतक्या हळू, कानडीत म्हणाल्या, "इतकी वर्षं मला वाटायचं, तो सा मीच लावतेय."

वर्षिणीचे हात शालीवरच राहिले. "अक्का, तुम्ही थांबायच्या ना तिथे... मला वाटलं..."

"दम घ्यायला थांबायची मी," अक्का म्हणाल्या. फोटोवाल्याने इकडे बघा म्हटलं म्हणून त्या तिकडे बघून हसल्या. फोटो चांगला आला आहे. अप्पांनी तो दुकानात लावला.

पुढच्या आठवड्यात वर्षिणी शिकवणीला गेली. अक्कांनी दार उघडलं, चटईवर बसवलं, श्रुतीपेटी लावली. ओरडल्या नाहीत, टोमणा मारला नाही. तसं काही केलं असतं तर तिने पाय तरी धरले असते. पण त्या दिवसापासून वरच्या सा च्या अलीकडे अक्का गाणं थांबवायच्या आणि म्हणायच्या, "वाणी, पुढचं तू." वर्षिणीने तीन-चार वेळा बोलायचा प्रयत्न केला. "जाऊ दे ग, शिकलीस ते चांगलं झालं," एवढंच उत्तर यायचं. रामनवमीची मैफल तोंडावर आली तेव्हा तिने तंबोरा कधी जुळवायला येऊ म्हणून विचारलं. अक्का म्हणाल्या, "या वेळी मागे कुणी नको."

मैफल संध्याकाळी होती, मंडपात. दारात गुळाचं पानक आणि भिजवलेल्या डाळीची कोसंबरी वाटत होते. मागे तंबोरा होता पण तो वाणीच्या हातात, आणि वाणीला तोंड उघडायचं नाही अशी सक्त ताकीद होती. वर्षिणी प्रेक्षकांत, प्लास्टिकच्या खुर्चीवर. अक्का पहिला अर्धा तास सुंदर गायल्या. त्या खालीच राहिल्या असत्या तर कुणाला काही कळलं नसतं, आणि तसं करणं त्यांच्या हातात होतं. पण त्यांनी वर जाणारं गाणंच निवडलं. आवाज निघाला. वर्षिणीच्या छातीत श्वास आपोआप भरला, सा गळ्यापर्यंत तयार होऊन आला, आणि तो तिने तोंडावर पदर धरून गिळला. अक्कांचा आवाज फाटला. त्यांनी पुन्हा ती ओळ घेतली. पुन्हा फाटला. तिसऱ्यांदाही त्या गेल्या, अगदी शांतपणे, कुणाची तरी खातरी करून द्यायची असावी तशा. मंडपात लोक एकमेकांकडे बघेनात. पलीकडच्या खुर्चीवरच्या बाई हळहळल्या, "अरेरे, एकदम कसा गेला हो आवाज!"

एकदम! वर्षिणीला त्या बाईंचा असा संताप आला की ती उठून मंडपाबाहेर गेली आणि दोरीला धरून उभी राहिली. आत लोकांनी टाळ्या वाजवल्या, म्हाताऱ्या माणसाला वाजवतात तशा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दुकानात अप्पांचा डबा घेऊन गेली असताना शेषगिरी सरांचा फोन आला. सर खुशीत होते.

"काल तू गेलीस कुठे? मी मागे बसून सगळं रेकॉर्ड केलं. आपण वेगळा काढलेला आवाज खराच त्यांचा, की प्रोग्रामने बनवलेला, हे तपासायला आपल्याकडे काहीच नव्हतं. एकट्या कधी गायल्याच नव्हत्या ना त्या! आता मिळालं. रात्रीच दोन्ही शेजारी लावून पाहिले. त्याच जागी फुटतो, तसाच फुटतो. तंतोतंत. आता पेपर कुणी परत पाठवत नाही. काँग्रॅच्युलेशन्स, डॉक्टर!"

"थँक्यू सर," वर्षिणी म्हणाली.

फोन ठेवून तिने डबा अप्पांपुढे सरकवला. अप्पांनी चष्म्यावरून पाहिलं. "काय म्हणाले सर?"

"माझा प्रोग्राम बरोबर आहे म्हणाले."

"मग चांगलंच झालं, अल्वा?" अप्पा म्हणाले आणि सुईत दोरा ओवू लागले.