पत्र्याची खोली आणि संध्याकाळचा तास

भूकंपानंतर केवळाबाईंनी स्लॅबखाली एकही रात्र काढली नव्हती. किल्लारीतल्या त्या पहाटेने त्यांचा नवरा आणि थोरली लेक नेली. पुढे पुनर्वसनात पक्के घर मिळाले. त्यात त्यांनी धान्य ठेवले, देव मांडले; पाठ मात्र टेकली ती मागच्या पत्र्याच्या छपरातच. दिवस मावळल्यावर आपल्या घरचे कोणी स्लॅबखाली असेल, तरी त्यांचा डोळा लागत नसे. म्हणून मुलगा आदिनाथ, आणि लग्नानंतर सून आरतीही, त्याच छपरात झोपू लागली. भीतीशी वाद घालून ती जात नाही, तिला जागा द्यावी लागते, हे त्या घराला कोणी न शिकवता समजले होते.

या नेमामुळे एक गोष्ट मात्र राहूनच गेली होती. धाकटी बहीण सिंधू नांदेडजवळ विष्णुपुरीला दिलेली. केवळाबाई सकाळच्या बसने तिच्याकडे जात आणि दुपारीच माघारी फिरत. यंदा सिंधूच्या खुब्याचे हाड मोडले. "अक्का, एकदा तरी राहायला ये की," ती फोनवर म्हणाली. त्यावरचा उपाय आदिनाथला सुचला. त्याने उदगीरच्या वेल्डिंगवाल्याकडून जीपमागे ओढायची, चाकांवरची खोली करून घ्यायचे ठरवले. तो प्लायवूडच्या भिंती म्हणत होता. केवळाबाई म्हणाल्या, "न्हाई, पत्राच पायजे. चारी अंगानं. अन् फट नको कुठं."

खोली विष्णुपुरीच्या अंगणात उभी राहिली, तेव्हा सिंधूचे यजमान रेवणसिद्ध ओट्यावरून ओरडले, "अक्का, घर पाठीवर घिऊन आलाव? गोगलगाय झालाव की!"

"तुमच्या स्लॅबपेक्षा गोगलगाय बरी, पाव्हणं."

आदिनाथला दुधाची गाडी सांभाळायची होती. तो जीप घेऊन परतला. आरती सासूजवळ राहिली. लातूरच्या एका शिकवणीसाठी ती रोज संध्याकाळी ऑनलाइन रसायनशास्त्र शिकवत असे. तो तास बुडाला नाही तरच हा मुक्काम शक्य होता.

पहिल्याच संध्याकाळी तो बुडाला. अंगणात मोबाइलला भरपूर रेंज होती; खोलीचे दार ओढले की ती नाहीशी होई. सर्व बाजूंनी बंद असलेला पत्रा लहरी अडवतो, हे शिकवणाऱ्या आरतीलाच आधी सुचले नव्हते. तिने फोन खिडकीत ठेवून पाहिला, पडद्यावरची मुले गोठली. ती लॅपटॉप घेऊन लिंबाखाली बसली, तर शेजारच्या पिठाच्या गिरणीपुढे तिचा आवाज मुलांपर्यंत पोचेना.

"आत येऊन बस की पोरी," सिंधू खाटेवरून म्हणाली. "घरात वायफाय हाय. पोरानं बसवून दिलंय."

आरतीने सासूकडे पाहिले. दिवस मावळला होता. केवळाबाईंच्या हातातला पदर आवळला गेला. आरती म्हणाली, "राहू द्या, मावशी. इथंच बघते." त्या मोजक्या शब्दांत आपल्या भीतीला किती मोठा मान होता, हे केवळाबाईंना तेव्हाच कळले.

तास संपण्याआधी शिकवणीतून फोन आला. आरती अपराध्यासारखी ऐकत राहिली. उद्या पुन्हा असे झाले तर वर्ग दुसऱ्याकडे जाणार होता.

सकाळी केवळाबाई तिला म्हणाल्या, "आद्याला जीप घिऊन बोलाव. जाऊ आपण."

"आत्या, तुम्हाला राहायचंय ना?"

"राहिले की एक रात. लई झालं."

ओट्यावर दात घासत असलेल्या रेवणसिद्धांनी हे ऐकले. "अहो, लहर आत शिरंना तर तार शिरवू," ते म्हणाले. "वायफायच्या डब्याला लांब तार लावतो, थेट लॅपटॉपात. फक्त तुमच्या किल्ल्याला भोक पाडावं लागंल."

भोक म्हटल्यावर केवळाबाईंनी बसल्या जागेवरून खोलीकडे पाहिले. वारा, पाऊस, विंचू, सारे बाहेर ठेवणारी ती खोली होती. मग त्या उठल्या आणि कोपऱ्यात बोट टेकवून म्हणाल्या, "हितं पाडा. अन् मोठं पाडा. पोरीची तार अडकायला नको."

रेवणसिद्धांनी शेजारून ड्रिल मशीन आणले. पत्रा कर्कश किंचाळला, सिंधूने आतूनच विचारले, "अक्काचं मन मोडलं का पत्रा?"

"पत्रा!" केवळाबाई ओरडल्या, आणि स्वतःच हसल्या. तार आत आली. भोकाभोवती त्यांनी कणकेचा गोळा थापला. मुंग्या लागतील म्हणून रेवणसिद्धांनी तो काढून रबर बसवला.

त्या संध्याकाळी सिंधूची खाट शेजारच्या चौघांनी धरून अंगणात, खोलीच्या दाराशी आणली. आत आरतीचा तास अखंड चालला होता. बाहेर दोघी बहिणी माहेरच्या कोण्या आत्याचे नाक आठवून आठवून हसत होत्या. आपल्यासाठी माणसांनी किती केले, हे केवळाबाईंना मोजता येत नव्हते. त्या बहिणीचे पाय दाबत राहिल्या.

आतून एका मुलीचा आवाज आला, "मॅडम, मागं कोण हसतंय?"

"माझ्या सासूबाई आणि त्यांची बहीण," आरती म्हणाली. "खूप वर्षांनी मुक्कामाला भेटल्यात. हसू दे त्यांना. समीकरण लिहा."