चीनची बाजू मांडणारा मेहुणा

माझ्या मेहुण्याइतका निःपक्षपाती माणूस अख्ख्या न्यूझीलंडात नसेल, आणि असलाच तर त्याच्या घरच्यांना माझी सहानुभूती आहे. रिकार्टनला आमच्याकडे राहून तो पीएच.डी. करत होता. विषय होता, युद्धाचे नियम आणि आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय यांकडे चीन कसा पाहतो. ज्या देशानं संमतीच दिली नाही त्याच्या माणसांवर खटला कसा, हा चीनचा मुद्दा याच्या अंगी इतका मुरला, की दूध संपवून रिकामी बाटली फ्रीजमध्ये ठेवल्याबद्दल बायकोनं झापलं की हा शांतपणे म्हणे, "ताई, तुझ्या न्यायालयाला मी संमती दिलेली नाही." आणि मग मुकाट्यानं कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध घेऊन येई.

समोरच्याची बाजू त्याच्यापेक्षा झकास मांडल्याशिवाय स्वतःचं मत उच्चारायचं नाही, हा त्याचा आणखी एक नेम. आमच्या भांडणात तो माझी बाजू अशी मांडे की मलाच माझी कीव येई. मग तिची मांडे आणि मी हरे. शेजारचा म्हातारा एकदा कुंपणावरून तणतणत आला, तर यानं त्याची तक्रार त्यालाच इतकी नेटकी करून सांगितली की "स्वीट ॲज", म्हणजे इथल्या भाषेत 'झकास', म्हणत तो परत गेला. कुंपण होतं तिथंच राहिलं.

प्रबंधातही तेच. दोनशे पानं चीनची बाजू, आणि शेवटच्या प्रकरणात मात्र स्पष्ट लिहिलेलं, की युद्धात मेलेल्यांना संमतीअभावी दाद मागायला जागाच उरत नसेल तर हे मला पटत नाही. परीक्षक नेमक्या बीजिंगच्या एक बाई. शिष्यवृत्ती संपलेली, व्हिसा संपत आलेला. प्रबंध परत आला असता तर गाशा गुंडाळून पुण्याला जावं लागलं असतं. "भाऊजी, ते प्रकरण जरा मऊ करू का?" प्रबंध देण्याआधी आठवडाभर तो विचारत होता. मी व्यवहारी माणूस, कर म्हणालो. त्यानं केलं नाही.

आता तो वेलिंग्टनला नोकरी करतो, राहतो जवळच्या अप्पर हट गावी. मला मात्र तो तोंडी परीक्षेनंतर गाडीत येऊन बसलेलाच आठवतो.

"बाई म्हणाल्या, आमचं म्हणणं तुम्ही इतकं नीट समजून घेतलंत, की शेवटी तुम्हाला ते पटलं नाही याचं वाईट वाटलं. रागावता मात्र आलं नाही."

"म्हणजे पास?"

"पास. किरकोळ दुरुस्त्या."

माझा जीव भांड्यात पडला. बायकोला फोन लावून मी त्याच्या हातात दिला. "ताई," एवढंच तो म्हणाला, आणि त्याला रडूच फुटलं.

"असू दे रे," पलीकडून तिचा आवाज आला. "नापास तर नापास. तू आधी घरी ये."

निकाल मी सांगायला हवा होता, पण मला तरी कुठे बोलवत होतं.