थोरल्याची माफी

हिब्रूत ‘मिर्मा’ असा एक शब्द आहे. मराठीत आपण त्याला कपट म्हणतो. लोणावळ्याच्या एका छोट्या धर्मशिक्षण संस्थेत होणाऱ्या पाळकांना मी हिब्रू शिकवतो, त्यामुळे दर वर्षी तो फळ्यावर लिहावा लागतो. पवित्र शास्त्रात तो वजनात मारणाऱ्याच्या तराजूला लागतो, गोड बोलून घात करणाऱ्याच्या जिभेला लागतो. आणि शास्त्रातल्याच एका जुन्या गोष्टीत येतो. आंधळा बाप, धाकटा मुलगा केसाळ थोरल्यासारखे लागावेत म्हणून हातांना करडाची कातडी बांधून थोरला म्हणून पुढे बसतो आणि थोरल्याचा आशीर्वाद घेऊन जातो. खरा थोरला येतो तेव्हा बाप त्याला याच शब्दात सांगतो, तुझा भाऊ काय करून गेला ते.

ही गोष्ट मी इतकी वर्षं शिकवली, आणि गेल्या नाताळाच्या आधी स्वतःच केली.

आमचं घर परंदवडीला. आबांची, म्हणजे वडिलांची, दृष्टी काचबिंदूने गेलेली. माझा थोरला भाऊ आंबीला राहतो, म्हणजे फार लांब नाही, पण बरीच वर्षं तो घरी आला नव्हता. तरुणपणी तो कारखान्याच्या प्रेसशॉपमध्ये, पत्रे दाबायच्या मशीनवर होता. मशीनखाली त्याच्या डाव्या हाताचं पहिलं बोट अर्धं गेलं, तेव्हा आबा दवाखान्यात सगळ्यांसमोर म्हणाले होते, “तुझंच ध्यान नसंल.” पट्टी सुटली तशी त्याने घर सोडलं. मी तेव्हा कॉलेजात होतो. माझी फी त्याच्या पगारातून जायची.

डिसेंबरात आबांना न्यूमोनिया झाला. डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा. आबा तापात एकच धोशा लावून होते, “थोरल्याला बोलवा.” मी फोन केला. तो म्हणाला, “येत न्हाई. मेला तर कळव.”

दुपारी बायको औषध आणायला सोमाटण्याला गेली. मी शिवणयंत्राच्या खणातून तेलाची बाटली काढली आणि तळहातांना चोळली. कारखान्यातून आल्यावर दादाच्या हातांना तसाच वास यायचा. डाव्या हाताचं पहिलं बोट आत दुमडलं आणि खाटेशी बसलो.

“आबा, मी आलोय. थोरला.”

‘आलोय’ म्हणताना माझा आवाज आपोआप जाड झाला. आबांनी हात चाचपला. दुमडलेल्या बोटाच्या सांध्यावर त्यांचा अंगठा थांबला. मग ते रडायला लागले.

“बाळा, माझ्यापायी गेलं रं हे. ध्यान कुटनं ऱ्हाईल? दोन दोन पाळ्या करायला लावल्या मी तुला, धाकट्याच्या शिक्षनासाठी. आन वर तुलाच बोललो. मला माफ कर.”

दहाही बोटं शाबूत असलेला मी म्हणालो, “ऱ्हाऊ द्या आता, आबा. माफ केलं.”

आबा शांत झोपले. आणि बरे झाले. हे मी धरलंच नव्हतं.

ते येईल त्याला सांगू लागले, थोरला येऊन गेला. गावातला एक जण आंबीच्या कंपनीत आहे, त्याच्याकडून ते दादापर्यंत गेलं. त्याचा फोन आला. “म्हातारा भ्रमिष्ट झाला का रं? मी येऊन गेलो म्हनं.” “तुझं नाव घेतात सारखं,” एवढंच मी म्हणालो. तो नरमाईने म्हणाला, “इतकी याद काढतोय व्हय? रविवारी येतो.”

त्याच आठवड्यात वर्गात ‘मिर्मा’ होता. एका विद्यार्थ्याने विचारलं, “सर, भल्यासाठी केलं असेल तर?” मी त्याला सांगितलं की एका जुन्या अरामी भाषांतरात या ठिकाणी ‘शहाणपण’ असा शब्द घातला आहे. भाषांतर करणाऱ्याला आपल्या पूर्वजाला, म्हणजे त्या धाकट्याला, कपटी म्हणवलं नसावं. पोरं हसली. मी मात्र फळ्याकडे तोंड केलं, कारण मी महिनाभर तोच शब्द स्वतःसाठी वापरत होतो. मूळ शब्द हेतू विचारत नाही. ज्याचं होतं त्याला ते मिळालं नाही, एवढंच तो सांगतो.

रविवारी मी गावाच्या वळणावर उभा राहिलो. दादाची मोटारसायकल दिसताच हात केला आणि तिथेच, रस्त्याच्या कडेला, सगळं सांगून टाकलं. तेलासकट.

तो गाडीवरून उतरला नाही.

“करडाचं कातडं न्हाई बांधलंस?”

“दादा...”

“शाळाबी तूच घेतली. आता माझी माफीबी तूच घेतली.”

त्याने गाडी वळवली. मला वाटलं, गेला. थोडं पुढे जाऊन तो थांबला. “बस मागं. आत जाऊन आदी तू बोलायचं. तुझ्या आवाजात.”

आबा ओसरीवर होते. मी सांगितलं. त्यांनी विचारलं, “मंग त्या दिशी मी कुनाम्होरं बोललो?”

“माझ्यापुढे, आबा.”

त्यांनी तोंड फिरवलं आणि दाराच्या दिशेने हात पसरला. दादा चपला न काढता उभा होता. मग आला, बसला, हात दिला. आबांना ते थोटं बोट सापडलं. त्यांनी तोंड उघडलं, “बाळा...” पुढे काही येईना. पुन्हा उघडलं. वर्षानुवर्षं जुळवलेलं ते बोलणं एकदाच निघण्यासारखं होतं आणि ते निघून गेलं होतं. शेवटी म्हणाले, “जेवून जा.”

दादा जेवला. मी त्याला वळणापर्यंत सोडायला गेलो. त्याने हेल्मेट घातलं, काच खाली ओढली, पण गाडी सुरू केली नाही.

“काय म्हनला त्यो, त्या दिशी? सगळं सांग. पदरचं घालू नको.”

मी सांगितलं. दोन पाळ्यांचं, धाकट्याच्या शिक्षणाचं, वर तुलाच बोललो ते. काचेमागे त्याचा चेहरा दिसत नव्हता.

“परत सांग,” तो म्हणाला.

मी परत सांगितलं.